मुलगा स्टेजवर दिसणार नाही: जळगावच्या निधी-संध्याकाळीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशपत्रं वाटायला घेतल्यापासून फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे जे विचारलं गेलं, ते इथं एका जागी लिहून काढलंय. काही प्रश्न जेवणाचे आहेत, काही हिशेबाचे, काही सरळ रागाचे. रागाच्या प्रश्नांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे. तसे प्रश्न विचारणारे निदान मनापासून विचारतात.

हा कार्यक्रम नेमका कशासाठी?

अठरा वर्षांखालचं पोर पहिल्यांदा पोलिसांच्या हाती लागलं, तर त्याची शाळा सुटू नये, चौकशी संपेपर्यंत मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात त्याला राहायची वेळ येऊ नये आणि त्याच्या आईबापांना बाल न्याय मंडळासमोर वेळेवर उभं राहता यावं, यासाठी जो खर्च येतो तो उभा करायला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतल्या मुलांसाठी. कार्यक्रम मात्र जळगावात आहे, कारण लॉनवाल्यांनी जागा इथं फुकट दिली.

म्हणजे चोऱ्या करणाऱ्या पोरांना बक्षीस देताय का?

केळीपट्ट्यातून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. आणि राग रास्तच आहे. रात्रीतून विहिरीवरच्या मोटारीची केबल कापली जाते, आतलं तांबं भंगारात जातं. विकणाऱ्याच्या हाती थोडे पैसे पडतात. शेतकऱ्याची बाग मात्र ऐन उन्हाळ्यात पाण्यावाचून उभी राहते. ठिबकच्या नळ्यांचं, स्टार्टरचं, मोटारसायकलींचं तेच. चोपडा, यावल, रावेर या भागात कुणाच्याही ओट्यावर बसा, एक तरी किस्सा ऐकायला मिळेल.

आता कापणारा कोण आणि विकत घेणारा कोण, ते बघा. केबल कापायला पाठवलेलं पोरगं पंधरा-सोळाचं असतं. सोललेलं तांबं वजनावर घेणारा चांगला बायकामुलांचा बाप असतो. हाती लागतं ते पोरगं, कारण पळताना पडतं तेच. आम्ही त्या पोराच्या हातात एक रुपयाही देत नाही. आम्ही खर्च करतो तो त्याला त्या माणसापासून तोडण्यावर. ते काम निरीक्षणगृहात होत नाही. तिथं त्याला त्याच्यापेक्षा पुढे गेलेली पोरं भेटतात, आणि शाळेतून नाव कमी झालं की बाहेर आल्यावर त्याला ओळखणारा तोच भंगारवाला उरतो.

तुमच्या केबलचे पैसे यातून भरून निघत नाहीत, हेही खरं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

पोलिसांनी सोडून द्यावं, असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. आणि सोडून देणं आमच्या हातात नाही. कायदा काय सांगतो तेवढं समजून घ्या, म्हणजे निम्मे वाद मिटतील.

बाल न्याय कायदा २०१५चा, अमलात आला १५ जानेवारी २०१६ला. त्याच्या तिसऱ्या कलमात मूलभूत तत्त्वं दिली आहेत. त्यातली दोन आमच्या कामाची. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे एक. आणि मुलाचं किंवा समाजाचं हित आड येत नसेल तर न्यायालयीन कारवाईविना मार्ग काढण्याला प्राधान्य, हे दुसरं. म्हणजे पोराला कोर्टकचेरीच्या वाटेवरून अलीकडेच वळवणं ही कुणा दयाळू माणसाची लहर नाही, संसदेनं मंजूर केलेलं तत्त्व आहे.

कायद्यानं गुन्ह्यांचे तीन गट केलेत. जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले किरकोळ, तीन ते सात वर्षांचे गंभीर, आणि किमान सात वर्षं शिक्षा असलेले निर्घृण. साधी चोरी भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची आहे, म्हणून ती पहिल्या गटात येते. घरात शिरून केलेली चोरी वरच्या गटात जाते. २०१६च्या केंद्रीय आदर्श नियमांप्रमाणे, गुन्हा निर्घृण नसेल आणि मोठ्या माणसांच्या साथीनं केलेला नसेल, तर एफआयआर न नोंदवता स्टेशन डायरीत माहिती लिहायची आणि मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल मंडळाकडे पाठवायचा. मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत मंडळासमोर न्यावं लागतं. त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत.

मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली एक बाई असलीच पाहिजे. ते चौकशी करतात. दोष सिद्ध झाला तर समज देऊन घरी पाठवू शकतात, समुपदेशनाला धाडू शकतात, समाजसेवेचं काम लावू शकतात, पालकांना दंड करू शकतात, तीन वर्षांपर्यंत परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली घरीच ठेवू शकतात. विशेष गृहात पाठवणं हा या यादीतला शेवटचा पर्याय, तोही तीन वर्षांच्या वर नाही. यातलं काय करायचं ते मंडळ ठरवतं. आम्ही मंडळासमोर वकिली करत नाही आणि शब्दही टाकत नाही.

पुण्यासारखं निबंध लिहून सुटतील का?

मे २०२४मध्ये कल्याणीनगरात महागड्या गाडीखाली दोघांचा जीव गेला आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, ते सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. दोन गोष्टी सांगतो. एक, तो निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची एक अट होती. लोक संतापल्यावर मंडळानं काही दिवसांतच त्याला निरीक्षणगृहात पाठवलं आणि जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती कोठडी बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं. दुसरी गोष्ट, तसल्या प्रकरणातलं पोर आमच्याकडे येतच नाही. ज्याच्या घरी वकिलांची रांग लागते, त्याच्यासाठी बसभाड्याचे पैसे गोळा करायची गरज नसते.

खरं सांगायचं तर त्या एका प्रकरणानं आमचं काम दुप्पट अवघड करून ठेवलं. धरणगावच्या बाजारात सायकल उचललेल्या पोराकडेही लोक आता त्याच नजरेनं बघतात.

आणि खून, बलात्कार असेल तर?

तिथं आमचा निधी लागत नाही. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याला प्रौढाप्रमाणे खटल्याला सामोरं जायला पाठवू शकतं. ही तरतूद २०१२च्या दिल्लीतल्या प्रकरणानंतर २०१५च्या कायद्यात आली. तरीही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

गोळा झालेला पैसा कशावर खर्च होतो?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची अपेक्षा असते की आम्ही काहीतरी भव्य सांगू. संगणक प्रयोगशाळा, वसतिगृह, निदान एखादी इमारत. तसं काहीच नाही. सगळ्यात मोठा खर्च प्रवासाचा आहे.

मंडळ बसतं जिल्ह्याच्या ठिकाणी. धडगावच्या एखाद्या पाड्यावरची बाई मुलाच्या तारखेला नंदुरबारला यायची म्हणजे पहाटे पायी रस्त्यापर्यंत, तिथून जीप, मग एसटी. परत जाताना अंधार. त्या दिवसाची मजुरी बुडते, बरोबर धाकटं लेकरू असतं, त्याला काहीतरी खायला घ्यावं लागतं. ती एकदा आली नाही, दुसऱ्यांदा आली नाही, की कागदावर ‘पालक उपस्थित नाहीत’ असं पडतं. सांभाळणारं कुणी दिसत नसेल तर मंडळ मुलाला कुणाच्या हाती सोपवणार? म्हणजे आई न येण्याचं कारण तीनशे रुपये, आणि परिणाम मात्र पोरानं निरीक्षणगृहात मुक्काम करायचा. हे तीनशे रुपये आम्ही देतो. मजुरी बुडाल्याचेही देतो. कुणाला हे फुकटेपणा वाटतं. वाटू दे.

दुसरा खर्च भाषेचा. मंडळाचा कागद मराठीत असतो, तीही सरकारी मराठी. पोरगं बोलतं पावरी किंवा भिलोरी. शिरपूरच्या बाजूचं असेल तर अहिराणी. आई दारात येऊन ‘मना आंडोर कोठे शे?’ विचारते, तेवढं सगळ्यांना कळतं. पण ‘कुणाच्या सांगण्यावरून गेलास, किती वाजता गेलास, तुला माहीत होतं का की ते काय आहे’ असे प्रश्न पावरी बोलणाऱ्या पोराला मराठीत विचारले की ते सगळ्याला मान हलवून हो म्हणतं. कायद्यात दुभाषाची तरतूद आहे. तरतूद असणं आणि त्या सकाळी दुभाषा हजर असणं यांत अंतर पडतं, तिथं आम्ही माणूस उभा करतो.

तिसरा खर्च कागदपत्रांचा. वय सिद्ध करायला शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला लागतो. दोन्ही नसले तर वैद्यकीय तपासणी. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या पोरांनी तीन गावांत तीन शाळा बदललेल्या असतात, आणि प्रत्येक दाखल्यावर जन्मतारीख निराळी. जुन्या शाळेत जाऊन रजिस्टरची नक्कल काढून आणणं, हे काम आमच्यातले दोन निवृत्त मास्तर करतात. सरकारी कचेरीत कुणाशी कसं बोलायचं ते त्यांना माहीत आहे, आणि ते चहाचेसुद्धा पैसे घेत नाहीत.

मग समुपदेशक. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येणारा, मानधनावरचा. शिवाय शाळेत परत बसवताना लागणारं वह्या-गणवेश, आणि चौदा पूर्ण झालेल्या, शाळेत मन न लागणाऱ्या पोरांसाठी वर्कशॉपमध्ये काम शिकण्याची सोय. वकिलावर आम्ही खर्च करत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अटही नाही. लोकांना हे माहीत नसतं म्हणून कर्ज काढून वकील करतात, म्हणून इथं ठळक सांगतोय.

आम्ही ज्यांना मदत करतोय ते एखादं पोरगं स्टेजवर येऊन दोन शब्द बोलेल का?

नाही.

हा प्रश्न प्रायोजकांकडून येतो आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. पोर बोललं, आई रडली, लोकांनी खिशात हात घातला, असं इतर कार्यक्रमांत होताना त्यांनी पाहिलेलं असतं. पण कायद्याचं कलम ७४ सांगतं की अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून तो ओळखू येईल असं काहीही छापायचं नाही, दाखवायचं नाही. तोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कलम नसतं तरी आम्ही हेच केलं असतं. खान्देशात माणूस माणसाला फार लवकर ओळखतो. ‘तालुका एरंडोल, वडील हमाल, तीन बहिणींवर एकटा’ एवढं सांगितलं की तिसऱ्या रांगेतला माणूस शेजारच्याच्या कानात नाव सांगतो. चेहरा झाकला, आवाज बदलला, नाव ‘राजू’ ठेवलं तरी उपयोग नाही. म्हणून ‘बदललेल्या नावाची’ कहाणीसुद्धा आम्ही सांगणार नाही. ज्या गोष्टीतून बाहेर काढण्यासाठी पैसे गोळा करायचे, तीच गोष्ट त्याच्या कपाळावर चिकटवून पैसे गोळा करायचे, हे आम्हाला जमणार नाही.

यामुळे देणग्या कमी येतात का? येतात. एका मोठ्या प्रायोजकानं ‘मग बॅनरवर काय दाखवायचं?’ म्हणून माघार घेतली. बॅनरवर तापीचा फोटो आहे.

मग स्टेजवर असणार तरी काय?

वहीगायनाचा, म्हणजे खान्देशी लोकगाण्याचा, एक फड येतोय. ऐकला नसेल तर उशीर करू नका, सुरुवात त्यांचीच आहे. त्यानंतर एक निवृत्त परिविक्षा अधिकारी पंधरा मिनिटं बोलतील. मग लिलाव, मग जेवण.

मी फोटो काढून स्टेटसला टाकू का?

तुमचे, तुमच्या ताटाचे, फडाचे खुशाल टाका. स्वयंपाकात, पाणी वाढायला, खुर्च्या मांडायला बरीच तरुण पोरं असतील. त्यातलं कोण कोण आहे हे तुम्हाला कळणार नाही आणि विचारूही नका. बरेच जण कॉलेजचे स्वयंसेवक आहेत. त्यांच्या चेहऱ्याचे फोटो टाकू नका, एवढंच.

ज्याचं नुकसान झालं त्याचं काय? त्याच्यासाठी कुणी जेवणावळ घालत नाही.

बरोबर आहे, आणि हा प्रश्न आम्हालाही सुटलेला नाही. कायद्यात मुलाच्या पालकांना दंड करायची तरतूद आहे. पण हातावर पोट असलेल्या घरातून मोटारीच्या केबलची किंमत निघत नाही. आमच्या निधीतून नुकसानभरपाई द्यावी, असा एक विचार आमच्यातच आहे. दुसरा विचार असा की त्यामुळे ‘चोरी करा, संस्था भरेल’ असा बभ्रा होईल. वाद चालू आहे.

मंडळ समाजसेवेचं काम लावतं तेव्हा काय होतं, ते सांगण्यासारखं आहे. नियमांप्रमाणे चौदा वर्षांवरच्या मुलांना असं काम देता येतं. बागेची देखभाल, म्हाताऱ्यांची सेवा, दवाखान्यात मदत, वाहतुकीला हातभार. यात शिक्षेचा भाग आहेच. पण ज्या पोराला आजवर फक्त हाकललंय, त्याला एखादी म्हातारी ‘उद्या येशील ना रे?’ विचारते, तेव्हा त्याला पहिल्यांदा कुणीतरी वाट बघतंय असं वाटतं. मोठ्यांनाही आता हा रस्ता खुला झालाय. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी असेल आणि मुद्देमाल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवाच सांगितली आहे.

तुमचं नुकसान झालं असेल आणि त्या पोराशी समोरासमोर बोलायची तुमची तयारी असेल तर आम्हाला कळवा. मंडळाच्या परवानगीनंच, आणि दोघांची इच्छा असेल तरच.

भंगार घेणाऱ्याला कुणी विचारतं का?

विचारायला हवं. कायदा आहे. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला बाल न्याय कायद्याच्या कलम ८३खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. न्याय संहितेचं कलम ९५ गुन्ह्यासाठी मुलाला कामावर ठेवणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची शिक्षा सांगतं. पण ही कलमं लागायची तर पोरानं नाव सांगायला हवं, आणि नाव सांगितल्यावर त्याच गल्लीत परत राहायला जायला हवं. म्हणून काही मुलांना मामाच्या गावी ठेवायचा खर्चही आमच्या हिशेबात दिसेल.

माझ्या भाच्याला पोलीस भरतीची तयारी करायचीय. जुन्या प्रकरणामुळे अडेल का?

दर महिन्याला कुणीतरी हे विचारतं. ग्राउंडवर पहाटे पळणारी निम्मी पोरं भरतीसाठीच पळत असतात, त्यामुळे आश्चर्य नाही. कलम २४ सांगतं की मंडळानं दोषी धरलं असलं तरी त्या गुन्ह्यामुळे येणारी कुठलीही अपात्रता मुलाला लागू होत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद सोळा वर्षांवरच्या, प्रौढाप्रमाणे खटला चाललेल्या मुलाचा. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी ती माहिती उघड करायची नाही, असंही कलम ७४ सांगतं. फॉर्म भरताना मात्र विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला दाखवूनच भरा, गल्लीतल्या सल्लागाराला नको.

पोरगं लायसन्सशिवाय गाडी चालवताना सापडलं, तर तुम्ही मदत कराल का?

हा विषय वेगळा आहे आणि इथं चूक बापाची असते. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. दहावी पास झाला म्हणून बुलेट देणाऱ्यांनी हे फ्रिजवर चिकटवावं.

प्रवेशपत्र किती रुपयांचं?

७०० रुपये. त्यातले २५० जेवणाचे आणि उरलेले देणगी. दोन्ही रकमा पावतीवर वेगवेगळ्या छापल्या आहेत. सात वर्षांखालच्या मुलांना प्रवेशपत्र नको.

प्राप्तिकरात सवलत मिळेल का?

देणगीच्या रकमेवर मिळते, जेवणाच्या नाही. लोक ज्याला अजून ८०जी म्हणतात तीच ही सवलत. रोख दोन हजारांपेक्षा जास्त दिलेत तर मिळत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआयनं द्या. तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर या सवलतीचा उपयोग नाही. सीएला विचारा आणि तरीही द्या.

हिशेब कोण बघतं?

आम्ही नोंदणीकृत न्यास आहोत, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी लेखापरीक्षण जातं. त्याची प्रत दारात टेबलावर ठेवलेली असेल, बसून वाचा. खर्चाच्या नोंदीत मुलांची नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. त्यावरून कुणी खोदून विचारू नये.

आमदारसाहेब येणार का? सत्कार कुणाचा?

सत्कार कुणाचाच नाही. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन, सगळं टाळलंय. जे येतील ते प्रवेशपत्र घेऊन येतील आणि पंगतीत बसतील. दोन पुढाऱ्यांनी हे मान्य करून प्रवेशपत्रं घेतली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

लिलावात काय आहे?

रावेरच्या एका बागेतले केळीचे घड, सराफ बाजारातून आलेली चांदीची दोन भांडी, आणि एका सुतारानं बनवलेला सागवानी झोपाळा. बोली मार्केट यार्डासारखीच मोठ्यानं लावायची, चिठ्ठ्यांवर नाही. आमचे लिलाव पुकारणारे भाऊ अडत्याचं काम करून निवृत्त झालेत, त्यांना माइक लागत नाही. तरी दहाच्या आत सगळं आटोपणार आहे. त्यानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि पोलिसांनी आम्हालाच समज द्यावी अशी इच्छा नाही.

जेवायला काय?

हिवाळा आहे म्हणजे भरीतच. काट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, ठेचा, वरण-बट्टी आणि शेवभाजी. शेवभाजी झणझणीत असेल, पाहुण्यांसाठी वेगळी फिकी केलेली नाही. गोडाला मांडे करायचा विचार होता, पण एवढ्या लोकांना पुरतील इतके मांडे खापरावर करणाऱ्या बाया मिळेनात, म्हणून पुरणपोळी. दारू नाही, त्याबद्दल पुन्हा विचारू नका.

नाव गुप्त ठेवून देणगी देता येते का?

तुमचं नाव फलकावर, यादीत, कुठंच लावणार नाही. पण पावतीसाठी नाव आणि पॅन आमच्याकडे द्यावा लागेल.

पैसे नाहीत, वेळ आहे.

मग आमच्या दृष्टीनं तुम्ही जास्त मोलाचे. पावरी, भिलोरी येणारी माणसं आधी हवीत. त्यानंतर गॅरेज, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंगवाले, जे एखाद्या पोराला हाताखाली घेतील आणि त्याचा भूतकाळ गिऱ्हाइकांना सांगत बसणार नाहीत. मुख्याध्यापक असाल तर एकच विनंती. आठवीपर्यंतच्या मुलाला जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून परत पाठवू नका. शिक्षण हक्क कायद्यात दाखल्याला उशीर हे प्रवेश नाकारायचं कारण होत नाही.

आमच्याच गल्लीतलं पोर पकडलं गेलं तर पहिल्यांदा काय करायचं?

आधी पोलीस ठाण्यात जाऊन बालकल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा. प्रत्येक ठाण्यात एक नेमलेला असतो आणि मुलाशी बोलायचं काम त्याचं असतं, गणवेश न घालता. मुलाच्या आईबापांना निरोप गेला का ते बघा. सोबत वयाचा पुरावा न्या, मूळ कागद घरी ठेवून झेरॉक्स द्या. मारहाण झाली असेल किंवा रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं असेल तर मंडळासमोर तसं स्पष्ट सांगा, घाबरू नका. १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. जामीन हा या कायद्यात नियम आहे. सुटल्यावर सराईत गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं मंडळाला सकारण वाटलं तरच नाकारतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अमुक तमुकच्या पोराला उचललं’ असा मेसेज आला तर पुढे ढकलू नका.

किती वाजता यायचं आणि परत कसं जायचं?

जानेवारीतला दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेसहा. लॉनचा पत्ता प्रवेशपत्राच्या मागे आहे. थंडी असते, शाल आणा. भुसावळ आणि अमळनेरकडच्यांसाठी दोन गाड्या ठेवल्या आहेत, त्या सव्वादहाला सुटतील. नाव आधी नोंदवलं तरच जागा. धुळ्याच्या मंडळींनी आपापली सोय करावी, त्यांच्यातल्या तिघांकडे मोकळ्या जीप आहेत. नंबर प्रवेशपत्र देणाऱ्याकडे मिळेल.